दाताच्या आतला जीव



खुर्चीवर पाठ टेकायच्या आधीच अनेक जण मला सांगतात, "डॉक्टर, ती नस एकदाची मारून टाका." रात्रभर दाढ ठणकलेली असते, तोंडाला लवंगेच्या तेलाचा वास येत असतो, माणूस अगदी टेकीला आलेला असतो. त्याचा त्रास मला कळतो. पण ते वाक्य कानावर पडलं की मला आमच्या वरच्या मजल्यावरची प्रयोगशाळा आठवते. दिवसभराचे पेशंट संपवून माझे विद्यार्थी तिथे रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसलेले असतात, आणि त्यांची सगळी धडपड ही नस जगवायची कशी, यासाठी असते. आज त्या नसेबद्दलच बोलायचं आहे.

मी दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवते. बीडीएस झाल्यावर तीन वर्षांचं एमडीएस करायचं असतं आणि त्यात प्रत्येकाला एक शोधप्रबंध लिहावाच लागतो. आमचा विषय किडलेला, तुटलेला दात न काढता राखण्याचा. माझे काही विद्यार्थी नवीन सिमेंट किंवा रूट कॅनालच्या नवीन फायली तपासण्यापेक्षा पेशींकडे वळतात. दाताचा डॉक्टर पेशी घेऊन काय करणार, असं त्यांच्या घरचेही विचारतात.

दात म्हणजे नखासारखी निर्जीव वस्तू, असं आपण धरून चालतो. ते वरच्या आवरणापुरतंच खरं. इनॅमल हा शरीरातला सर्वांत टणक पदार्थ, वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज. ते ज्या पेशी घडवतात, त्या दात हिरडीतून वर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. म्हणून इनॅमलला एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरत नाही. खड्डा पडायच्या आधी, नुसता पांढरट डाग असताना, लाळेतलं कॅल्शियम आणि पेस्टमधलं फ्लोराइड तो भाग पुन्हा घट्ट करू शकतात. तेवढीच त्याला मुभा.

त्याच्या खालचं डेंटिन मात्र वेगळं. डेंटिन घडवणाऱ्या पेशी दाताच्या पोकळीच्या भिंतीला लागून रांगेने उभ्या असतात आणि आयुष्यभर राहतात. डेंटिनमध्ये अतिशय बारीक नळ्या असतात. खसखशीच्या एका दाण्याखाली झाकेल एवढ्या जागेत वीस हजारांपासून पंचेचाळीस हजारांपर्यंत! प्रत्येक पेशीचं एक शेपूट त्या नळीत शिरलेलं असतं. थंड पाणी लागलं की कळ येते, ती या नळ्यांमधला द्रव हलल्यामुळे. आणि पोकळीत जो मऊ, गुलाबी गाभा असतो, ज्याला आपण सरसकट 'नस' म्हणतो, त्यात नसेबरोबर रक्तवाहिन्या असतात, संरक्षण करणाऱ्या पेशी असतात आणि मूलपेशी, म्हणजे ज्यांना स्टेम सेल म्हणतात, त्याही असतात. बाहेरून कीड सरकू लागली की आतल्या पेशी भिंतीला आतून नवा थर देऊ लागतात. कीड हळू असेल तर ही डागडुजी तिला पुरून उरते.

प्रयोगशाळेत हे कसं दिसतं ते सांगते. कुणाची अक्कलदाढ आडवी उगवते आणि काढावी लागते. एरवी ती कचऱ्यात जाते. पेशंटने संमती दिली असेल तर आमची मुलं ती थंड द्रावणात घालून वर आणतात. दाताच्या मानेभोवती बारीक चकतीने खाच घ्यायची, आतल्या गाभ्याला धग लागू नये म्हणून पाणी सोडत राहायचं, आणि खाचेत छिन्नी ठेवून दात उकलायचा. आत तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, ओला गुलाबी धागा असतो. पहिल्यांदा तो चिमट्यात धरताना विद्यार्थ्याचा श्वास रोखलेला असतो. मी वर्षानुवर्षं हे बघते आहे. तो धागा बारीक चिरून बाटलीत, गुलाबी रंगाच्या पोषक द्रावणात, ३७ अंश तापमानाला ठेवतात. मग वाट बघायची. आठ-दहा दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली बाटलीच्या तळाला चिकटलेल्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी दिसू लागतात. दर दोन-तीन दिवसांनी द्रावण बदलावं लागतं. गणपतीत घरी सगळे आरतीला उभे असतात तेव्हा कुणीतरी एक जण इथे द्रावण बदलायला आलेला असतो. एवढं करून एके सकाळी बाटली गढूळ दिसली तर समजायचं की जंतू शिरले, तीन आठवड्यांची मेहनत गेली.

आणि साधलं तर? या पेशींना योग्य औषधं घालून तीन आठवडे वाढवलं की त्या खनिज साठवू लागतात. मग अलिझारिन नावाचा लाल रंग ओततात. पूर्वी हा रंग मंजिष्ठेच्याच कुळातल्या एका वनस्पतीच्या मुळांपासून काढत. जिथे कॅल्शियम साठलं, तिथे बाटलीच्या तळाशी लालभडक ठिपके उमटतात. फेकून देण्याच्या दाढेतल्या पेशी डोळ्यांदेखत कठीण पदार्थ घडवत असतात. ते ठिपके बघून एका विद्यार्थिनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तिच्या शेजारी उभी असताना माझ्याही.

या पेशी प्रौढांच्या अक्कलदाढेत आहेत, हे अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत स्टॅन ग्रोन्थोस आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं. त्याच गटातले सोंगताओ शी यांच्या लहान मुलीचा दुधाचा दात पडला, तेव्हा त्यांना आत तांबूस ऊती दिसली. तोच धागा धरून त्यांनी पडलेले दात प्रयोगशाळेत नेले, आणि दुधाच्या दातांतही मूलपेशी जिवंत असतात हे २००३ साली प्रसिद्ध झालं. आपण लहानपणी जे दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर भिरकावले, त्यांतही त्या होत्या.

त्याच्या कितीतरी आधी, १९६५ साली, अमेरिकेतच काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड या तिघांनी एक साधा प्रयोग केला. काही उंदीर नेहमीचे, काही जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले. दोन्हींच्या दाढांना गाभ्यापर्यंत भोक पाडलं आणि उघडंच सोडलं. नेहमीच्या उंदरांत गाभा सडला, पू झाला. निर्जंतुक उंदरांच्या भोकात अन्नाचे कण अडकले, तरी गाभा जगला आणि त्याने भोकावर डेंटिनचा पूल बांधला. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या आठवड्यात त्यांचा हा शोधनिबंध वाचायला लावते. दाताच्या गाभ्याला बरं व्हायचं असतंच. जंतू त्याला होऊ देत नाहीत. आपलं काम जंतूंची वाट बंद करण्याचं.

मी शिकत होते तेव्हा हे वाचलेलं होतं, पण हातात उतरलं नव्हतं. सोळा वर्षांची एक मुलगी, खालची दाढ, खोल कीड, थंड लागलं की कळ आणि क्षणात बंद. कीड शेवटच्या कणापर्यंत खरवडून काढायची, अशी तेव्हाची शिस्त होती. मी खरवडत गेले आणि खड्ड्याच्या तळाला टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका दिसला. नस उघडी पडली. त्या दाढेचं रूट कॅनाल झालं, वर कॅप बसली. उपचारात चूक नव्हती असं सगळे म्हणाले. पण आज ती मुलगी माझ्याकडे आली असती तर मी कडेची कीड पूर्ण काढली असती, नसेजवळचा मऊसर थर तसाच ठेवला असता आणि वरून दात घट्ट बंद केला असता. अडकून पडलेल्या जंतूंना अन्न मिळत नाही, कीड थांबते, आणि आतल्या पेशींना भिंत बांधायला सवड मिळते. युरोपातल्या एंडोडॉन्टिक्सच्या, म्हणजे दाताच्या गाभ्यावरच्या उपचारांच्या, संघटनेने २०१९ साली खोल किडीबद्दल जी भूमिका जाहीर केली, तीही जितकं जिवंत राखता येईल तितकं राखा, अशीच आहे.

नस उघडी पडलीच तरी आता उपाय आहे. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी एमटीए नावाचं सिमेंट विकसित केलं. मुळात ते घर बांधायच्या पोर्टलँड सिमेंटच्याच जातीचं, पण शुद्ध केलेलं आणि एक्स-रेमध्ये दिसावं म्हणून त्यात बिस्मथ घातलेलं. ओलाव्यात ते घट्ट होतं, आणि गाभ्यावर ठेवलं की खालच्या पेशी हळूहळू डेंटिनचा पूल बांधतात. डेंटिन घडतानाच त्यात वाढीचे काही संदेश देणारी प्रथिनं बंदिस्त झालेली असतात. ती या सिमेंटमुळे मोकळी होतात आणि मूलपेशींना कामाला लावतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजात पॉल शार्प यांच्या गटाने २०१७ साली उंदरांच्या दातांत एका औषधाने ही डागडुजी वाढवून दाखवली. माणसात ते उपचार म्हणून रुळलेलं नाही. नवा दात उगवून देतो असं कुणी सांगितलं तर दोन पावलं मागे या.

म्हणून माझी पहिली विनंती. पुढच्या वेळी दाढ दुखली की "नस मारा" म्हणू नका, "नस वाचवता येईल का?" असं विचारा. थंड लागून कळ येते आणि लगेच जाते, त्या दिवसांत आलात तर बहुतेकदा वाचते. रात्री झोपेतून उठवणारी, मिनिटं न् मिनिटं राहणारी कळ म्हणजे उशीर होत चालला आहे. तरी काही दाढांत वरचा भाग काढून मुळांतली नस राखता येते. आणि आठवडाभर ठणकणारी दाढ एके दिवशी एकदम शांत झाली तर ती बरी झाली असं समजू नका. बहुधा आतला गाभा मेलेला असतो. मिश्री लावून किंवा गोळी हिरडीत दाबून दिवस काढू नका. गोळीने हिरडी भाजते आणि कीड आत चालतच राहते.

आता आई-वडिलांसाठी, शाळेतल्या शिक्षकांसाठी एक गोष्ट, जी ऐकून ठेवाच. खेळताना पडून मुलाचा पुढचा पक्का दात मुळासकट बाहेर आला, तर पुढचा अर्धा तास त्या दाताचं भवितव्य ठरवतो. मुळावर जी ओलसर पातळ त्वचा असते, तिच्यातल्या पेशी जिवंत असल्या तर दात हाडाशी पुन्हा जुळतो. दोन मुलं मला अजून आठवतात. एकाच्या वडिलांनी घाबरून दात साबणाने घासून, कापसात गुंडाळून आणला होता. इतक्या मायेने केलेलं होतं, पण मुळावरच्या पेशी त्यातच गेल्या होत्या. दुसरा कबड्डी खेळताना पडला होता. त्याच्या बाईंनी समोरच्या चहावाल्याकडून थंड दुधाचा पेला घेतला, दात त्यात टाकला आणि रिक्षाने थेट आणलं. तो दात लागला.

तर दात वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने हलकेच धुवा, घासू नका. मूल सावध असेल तर दात लगेच त्याच्या जागी बसवून रुमाल चावायला द्या. नाही जमलं तर थंड दुधात ठेवून डॉक्टर गाठा. साध्या पाण्यात ठेवू नका, कारण पाणी पेशींत शिरून त्या फुगून फुटतात. दुधाचा समतोल शरीरातल्या द्रवाच्या जवळचा असतो. हे फक्त पक्क्या दातांसाठी. दुधाचा दात परत बसवायचा नसतो.

दुधाच्या दातांवरून आणखी एक. ते गोठवून ठेवा, पुढे मुलाला उपयोगी पडतील, अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपल्याकडे फक्त नाळेच्या रक्ताची पेढी चालवायला परवानगी आहे. दाताच्या गाभ्याची व्यापारी साठवण त्यात बसत नाही. ते पैसे मुलाच्या दातांना फ्लोराइड आणि दाढांच्या खाचा बुजवणारं सीलंट करून घेण्यात घाला.

हे ऐकणाऱ्यांत एखादा बीडीएसचा विद्यार्थी असेल तर त्याला सांगते. प्रबंधाला पेशींचा विषय घ्यायचा असेल तर पहिल्या वर्षातच पेशी-संवर्धन शिकायला सुरुवात कर. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. अशा ठिकाणी कुणी शिकवायला तयार असेल तर सुट्टी तिथे घालव. नीतिसमितीची मंजुरी येण्याआधी एकही दात गोळा करू नकोस. आणि पेशंटसमोर संमतीचा कागद मराठीत ठेव.

तो कागद उद्या तुमच्याही समोर येऊ शकतो. अक्कलदाढ काढायच्या दिवशी एखादा तरुण डॉक्टर चाचरत विचारेल, "हा दात अभ्यासाला देता का?" त्याला सगळं विचारा: काय करणार, नाव गुप्त राहील का, नाही म्हटलं तर उपचारात फरक पडेल का. फरक पडत नाही, पडताच कामा नये. मनाला पटलं तर सही करा. तुमची दाढ बर्फाच्या डब्यातून वर जाईल, आणि पाणी सोडत सोडत कुणीतरी ती उकलायला बसेल.