परिचारिका आणि लोकप्रतिनिधी



पिंपरी पेंढारला व्याख्यानासाठी येताना कल्याण-नगर रस्ता सोडून आम्ही शिवारात शिरलो, तेव्हा वाटेच्या दोन्ही बाजूंस ऊस उभा होता. या उसात बिबट्या असतो, हे जुन्नरकरांना आम्ही सांगायला नको. दिवस मावळल्यावर आपण लेकराबाळांना अंगणातही एकटे सोडत नाही. परंतु वस्तीवर एखादी बाई अडली, की त्याच वाटेने आमच्या नर्सबाईला जावे लागते. तिला सोबत कोण देणार, वाहन कोण देणार, हा प्रश्न कोणाच्या अखत्यारीतला?

पुष्कळांची अशी समजूत आहे की, परिचारिकेने रुग्णाच्या उशाशी असावे, आमदाराच्या दारी तिचे काय काम? पण एका नर्सच्या माथी किती रुग्ण असावेत, रिकामी जागा कधी भरावी, हे रुग्णाच्या उशाशी ठरत नाही. ते सभागृहात आणि कचेरीत ठरते. तेव्हा तेथेही आमचे म्हणणे पोचले पाहिजे.

आमच्या व्यवसायाची आद्य गुरू फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने हेच केले. क्रिमियाच्या युद्धात किती सैनिक जखमांनी गेले आणि किती रोगराईने, याचे आकडे मांडून तिने राज्यकर्त्यांना जागे केले. ती हिंदुस्थानात कधीच आली नाही. तरी येथील खेड्यांच्या स्वच्छतेविषयी तिने आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार केला. दिवा घेऊन फिरणारी बाई सर्वांना ठाऊक आहे. लेखणी आणि आकडे घेऊन बसलेली बाई आम्हांला अधिक जवळची वाटते.

आता जायचे कोणाकडे? येथेच आमची गल्लत होते. आरोग्य उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. तेथील आरोग्यसेविकेची अडचण जिल्हा परिषदेच्या सदस्याला आणि आरोग्य समितीला सांगावी. ग्रामीण रुग्णालय राज्य सरकारचे. त्याचे गाऱ्हाणे आमदाराकडे न्यावे. आमदार आपल्या निधीतून इमारत उभी करून देऊ शकतो. नर्सची नेमणूक मात्र त्याच्या हाती नाही. पण तो विधानसभेत तारांकित प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी सूचना देऊ शकतो, आणि मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. ज्याच्या हाती जे आहे, तेच त्याच्याकडे मागावे. आणि अधिवेशनाच्या आधी मागावे. सभागृह उठल्यावर नव्हे.

भेटीला जाताना दोघी-तिघींनी जावे, संघटनेमार्फत वेळ ठरवून जावे. निवेदन एका पानाचे असावे. सरकारी निकष असा आहे की, सपाटीवर ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र असावे. आपल्या उपकेंद्राखाली प्रत्यक्ष किती वस्ती आहे, मंजूर जागा किती, भरलेल्या किती, गेल्या वर्षी रात्री किती वेळा जावे लागले, हे चार आकडे लिहावेत. त्यांखाली मागणी एकच. दहा मागण्या केल्या, की ऐकणारा दहाही विसरतो. रुग्णाचे नाव मात्र कोठेही येऊ देऊ नये. ते आपल्यापाशी ठेव म्हणून असते.

एक पथ्य आम्ही कटाक्षाने सांगतो. स्वतःच्या बदलीसाठी पुढाऱ्याची चिठ्ठी आणणे नियमात बसत नाही, आणि शोभतही नाही. आज एकीने आपली बदली मागितली, तर उद्या साऱ्याजणींची मागणी तिच्या मापाने मोजली जाते. आपण मागतो ते पदासाठी, म्हणजे पर्यायाने गावासाठी.

२०२२ च्या मे महिन्यात राज्यातील सरकारी परिचारिकांनी ठेकेदारीच्या भरतीविरुद्ध संप केला. संपाचा हक्क आम्ही नाकारीत नाही. परंतु संप हे शेवटचे औषध. आधीची मात्रा भेटीची. आणि भेट एकदा होऊन भागत नाही. आभाराचे पत्र धाडावे, महिन्याने काय झाले ते विचारावे, आणि लोकप्रतिनिधीला एकदा उपकेंद्र पाहायला बोलवावे. कागदावर न दिसणारी गोष्ट त्याला गळक्या छताखाली पाच मिनिटांत दिसते.

शेवटी आपणां ग्रामस्थांना एक विनंती. बिबट्यासाठी पिंजरा लावा म्हणून आपण सारे गाव मिळून अर्ज करता. तशाच एका अर्जावर, रात्रीच्या नर्सबाईला वाहन आणि सोबत मिळावी म्हणून, ग्रामसभेत ठराव करा. आमच्या सहीशेजारी तुमची सही पडली, म्हणजे ती मागणी एका नोकरदार बाईची राहत नाही. ती गावाची होते. आणि गावाची मागणी कोणत्याही लोकप्रतिनिधीला सहसा टाळता येत नाही.