आडनाव आणि रक्त

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संत नरहरी महाराजांना वंदन करून मी चार शब्द बोलण्यास उभा आहे. मी विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षक झालो आणि सारा जन्म खडू-फळ्यापाशी घालविला. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरात एक प्रश्न उपस्थित झाला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता माझ्याच हातून पूर्वी घडलेली एक चूक माझ्यापुढे उभी राहिली. ती आपल्यापुढे मांडावी, म्हणजे इतरांच्या घरी ती घडणार नाही, एवढाच माझा हेतू आहे.

माझा पुतण्या पुण्यास नोकरीस आहे. त्याने आपल्या लाळेचा नमुना एका प्रयोगशाळेकडे पाठवून वंशाची तपासणी करून घेतली आणि आलेला कागद माझ्यापुढे ठेवून विचारले, "काका, आपण पोतदार मूळचे कुठले? यात पितृशाखा 'एच' आणि मातृशाखा 'एम' लिहिली आहे. ही पोतदारांची खूण समजायची काय?"

प्रश्न सरळ होता, पण उत्तरासाठी मला दोन वाटांनी जावे लागले. एक वाट आडनावाची, दुसरी रक्ताची.

प्रथम आडनावाची वाट पाहू. 'पोतदार' हा शब्द फारसी 'फोतेदार' या शब्दावरून आला. फोता म्हणजे पिशवी, खजिना. तो सांभाळणारा तो फोतेदार. मराठी मुलखात गावचा पोतदार म्हणजे नाण्यांची पारख करणारा. त्या काळी बाजारात एक रुपया नव्हता. चांदवडी, अंकुशी, हाली असे नाना प्रकारचे रुपये चालत. कोणाची चांदी चोख, कोणाची हिणकस. सारा भरताना कोणत्या नाण्यावर किती बट्टा बसेल हे पोतदाराने ठरवावे आणि त्याबद्दल गावाकडून आपला हक्क घ्यावा, अशी रीत होती. हे काम बहुधा आपल्या सोनार ज्ञातीकडे असे, परंतु केवळ आपल्याकडेच असे म्हणता येत नाही. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार हे थोर इतिहासपंडित देशस्थ ब्राह्मण होते. काश्मिरी पंडितांत 'फोतेदार' आहेत, बंगालात आणि मारवाडी समाजात 'पोद्दार' आहेत. या सर्वांचे आडनाव एकाच शब्दातून निघाले. म्हणून त्यांचा पूर्वज एक होता असे कोणी म्हणेल काय? कुलकर्णी, देशपांडे, पाटील, महाजन यांचीही गोष्ट हीच. जेथे जेथे ते काम होते तेथे तेथे ते नाव झाले.

पुढे १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया पाडला आणि पारख्याचे महत्त्व हळूहळू ओसरले. काम गेले, पण नाव घराण्याला चिकटून राहिले.

आडनाव बदलण्यासही फार काळ लागत नाही. ज्यांचा आपल्याला सार्थ अभिमान आहे, त्या नाना शंकरशेट यांचे मूळ आडनाव मुरकुटे. वडिलांच्या नावाने घराणे प्रसिद्धीस आले आणि मुरकुटे मागे पडले. दत्तकाचे उदाहरण घ्या. राजर्षी शाहू महाराज जन्माने कागलचे घाटगे; १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि भोसले झाले. कुळ, गादी, कर्तव्य सर्व त्यांनी उज्ज्वल केले. नाव पुढे चालविण्यास रक्ताचाच धागा लागतो असे नाही, हे त्यावरून दिसते.

आणि माझी स्वतःची साक्ष सांगतो. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात कित्येक मुलांची आडनावे मी या हाताने लिहिली. "सोनार लिहू की पोतदार?" असे मी विचारावे आणि बापाने "गुरुजी, तुम्हांला बरे वाटेल ते लिहा," म्हणावे. सख्ख्या चुलत भावांपैकी एकाचे 'सोनार' आणि दुसऱ्याचे 'पोतदार' माझ्याच लेखणीने झाले. आज त्यांची नातवंडे दोन आडनावांनी वावरत आहेत, आणि त्यांच्या सर्व दाखल्यांचा आधार ती माझी शाई आहे!

आता रक्ताची वाट पाहू. शास्त्रज्ञ सांगतात की पुरुषाच्या पेशीत 'वाय' नावाचे एक गुणसूत्र असते. ते बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जाते. म्हणजे आपल्या आडनावाच्याच वाटेने चालते. इंग्लंडात ब्रायन साइक्स या शास्त्रज्ञाने २००० साली आपल्याच आडनावाच्या ४८ पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतील निम्म्याच्या जवळपास पुरुषांत एकच पितृचिन्ह आढळले. एका मुलखात उगवलेल्या आडनावाची ही गोष्ट. तेथेही अर्ध्याहून अधिकांचे चिन्ह निराळे निघाले. मग गावोगावी हुद्द्यावरून पडलेल्या आपल्या आडनावाविषयी काय बोलावे?

पुतण्याच्या कागदावरील 'एच' ही शाखा भारतातील अनेक जातींत आणि आदिवासी जमातींतही आढळते. इतकेच नव्हे, तर पूर्वी भारतातून युरोपात गेलेल्या रोमा लोकांतही ती आहे. 'एम' ही मातृशाखा तर निम्म्याहून अधिक भारतीयांत आहे. या शाखा हजारो वर्षांच्या आहेत आणि आमचे आडनाव काही पिढ्यांचे आहे. तेव्हा ती पोतदारांची खूण नव्हे. पोतदार, सोनार, मराठा, ब्राह्मण हे शब्द जन्मण्यापूर्वीची ती खूण आहे.

शिवाय हिशेब करून पाहा. दहा पिढ्या मागे गेले की प्रत्येकाला १०२४ पूर्वजांची स्थाने होतात. आडनाव सांगते त्यांतील एकाचे. बाकीचे १०२३ कोणाचे? त्यांत आपल्या आज्या, पणज्या, त्यांची माहेरे सर्व आली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हैदराबादच्या प्रयोगशाळेतील आपले शास्त्रज्ञ सहभागी होते. भारतीय उपखंडातील ७३ समाजगटांची त्यांनी तपासणी केली. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथील लोकसमूह एकमेकांत सर्वत्र मिसळले आणि त्यानंतर विवाह आपापल्या गटातच होऊ लागले, असा त्याचा निष्कर्ष आहे. निर्भेळ रक्ताचा अभिमान धरण्यास येथे कोणालाच जागा नाही.

आता माझी चूक सांगतो. धाकटा बंधू आणि भावजय यांची संमती घेऊनच सांगत आहे.

१९८९ साली बंधूसाठी खानदेशातून एक स्थळ आले. मुलगी शिकलेली, घर सालस, दोन्हीकडे पसंती. पण आडनाव पोतदार. मी घरातील थोरला. "पोतदारांची मुलगी म्हणजे आपली बहीणच, एका रक्तात लग्न होणे नाही," असे मी निक्षून सांगितले. गोत्र वेगळे आहे, असे ते गृहस्थ विनवून सांगत होते. मी ऐकले नाही. पुढे रीतीप्रमाणे मामाचीच मुलगी केली. तिचे आडनाव निराळे, तेव्हा कोणाच्या मनात शंका आली नाही.

त्यांची पहिली मुलगी सहा महिन्यांची असतानाच पांढरी पडू लागली. थॅलसीमिया हे नाव आम्ही तेव्हा प्रथम ऐकले. आईबाप दोघेही त्या दोषाचे वाहक असले, तर प्रत्येक अपत्यास तो आजार पूर्णपणे होण्याचा संभव चारात एक असतो. दर महिन्याला रक्त चढविण्यासाठी तिला तालुक्याहून जिल्ह्यास न्यावे लागे. रस्त्याने ती मला पाढे म्हणून दाखवी. अकराव्या वर्षी ती गेली.

हा आजार केवळ नात्यातील विवाहानेच होतो असे नाही. परक्या घरचे दोन वाहकही एकत्र येऊ शकतात. परंतु आतेभाऊ आणि मामेबहीण यांच्यात सरासरीने एक अष्टमांश रक्त समाईक असते, म्हणून एकच दोष दोघांत असण्याचा संभव वाढतो. सारांश, जेथे रक्त एक नव्हते तेथे मी लग्न मोडले आणि जेथे ते खरोखर एक होते तेथे अक्षता टाकल्या.

२०१६ साली आईच्या अस्थी घेऊन आम्ही नाशिकास गेलो. तीर्थोपाध्यायांनी आमच्या घराण्याची वही काढली. तीत माझ्या पणजोबांच्या नावापुढे लिहिले होते : 'डहाळे, वतनी पोतदार'. पुढे याच मंडळाच्या एका मेळाव्यात त्या खानदेशी घराण्यातील एक गृहस्थ भेटले. त्यांचे मूळ आडनाव टाक, गाव वेगळे, कुलदैवत वेगळे. सत्तावीस वर्षांनी वही पाहिली. ती त्या वेळीच पाहिली असती तर! कायद्याचीही मला अडचण नव्हती. सगोत्र विवाहावरील बंधन १९४६ सालच्या कायद्याने दूर झाले होते. माझ्यापुढील स्थळ तर सगोत्रही नव्हते.

आता तो पुतण्या लग्नाचा आहे. तो त्या दोषाचा वाहक आहे, हे साध्या रक्ततपासणीत कळून आले आहे. वाहक स्वतः निरोगी असतो आणि वाहक नसलेल्या मुलीशी विवाह केल्यास मुलांना तो आजार होत नाही. त्यात लपविण्यासारखे काही नाही. म्हणूनच त्याच्या सांगण्यावरून मी हे भर सभेत बोलत आहे.

तेव्हा मंडळाच्या वधूवर समितीस माझी नम्र सूचना आहे. आडनाव एक म्हणून स्थळ बाजूस ठेवण्याची पद्धत बंद करावी. परिचयपत्रकात मूळ आडनाव, मूळ गाव आणि दोन्हीकडची आजोळे यांचे रकाने ठेवावेत, म्हणजे खरे नाते कळेल. विवाह ठरण्यापूर्वी थॅलसीमियाची तपासणी करून घेण्याचा आग्रह धरावा. आणि ज्यांच्या घरी जुने कागद असतील त्यांनी त्यांच्या नकला मंडळाकडे द्याव्यात. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून ठेवावे.

आपले पूर्वज नाण्यावरील छाप पाहून थांबत नसत. कसोटीवर घासून मगच रुपया चोख म्हणत. आडनाव ही छाप आहे. ती अवश्य मिरवावी, पण निर्णय कसोटीनेच करावा.