रविवारची उपासना : मी पाहिली तशी
(मंडळाच्या मासिक सभेत वाचलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही, म्हणून लिहून आणले आहे, तेच वाचते.

आपल्या सिस्टरबाईंच्या मुलीचे लग्न येत्या मे महिन्यात वर्ध्याच्या चर्चमध्ये आहे आणि मंडळातील सर्व जणींना आमंत्रण आहे. आमंत्रण आल्यापासून आपल्यात कुजबुज चालू आहे. कोणी म्हणते, जेवायला जाऊ, पण चर्चमंदी कायले जायचे? कोणी म्हणते, आत गेले का अंगावर पाणी शिंपडतात म्हणे. एका वहिनींनी तर मला हळूच विचारले, कुंकू पुसून जावे लागते का? या शंका मनात घेऊन गेलो तर ऐन लग्नाच्या वेळी आपण साऱ्या जणी फाटकाबाहेर घोळका करून उभ्या राहू. ज्या बाईने आपल्या घरोघरच्या बाळंतिणींकडे रात्री-अपरात्री धाव घेतली, आपल्या प्रत्येक हळदी-कुंकवाला येऊन तिळगूळ घेतला, तिला ते दिसेल. ती काही बोलणार नाही, पण दिसेल खास. म्हणून मी ठरविले, की लग्नाआधी एका रविवारी आपण स्वतः जावे, आणि पाहू ते मंडळात सांगावे.

घरी विचारले. सासूबाई म्हणाल्या, "जाशीन तर जाय, बाप्पा, पण देवाजवळ दिवा लावून जाय." मी दिवा लावला आणि सिस्टरबाईंबरोबर निघाले. कुंकू कपाळावर होते तसेच होते. कोणी त्याकडे वळूनही पाहिले नाही.

दाराशी पहिला प्रश्न चपलांचा. सिस्टरबाईंनी काढल्या, मीही काढल्या. काही मंडळी बूट घालूनच आत गेली. बायकांनी डोक्यावर पदर घेतला होता, आपण कीर्तनाला घेतो तसाच. आत मूर्ती नव्हती. समोर एक मेज, त्यावर पांढरे स्वच्छ कापड, लाकडी क्रूस आणि फुले. बसायला लांब बाके. कोण कुठे बसावे याचा काही नियम दिसला नाही. नोकरीवाले साहेब आणि रोजमजुरीला जाणारी बाई एकाच बाकावर बसली होती.

मग पेटी वाजली, तबला लागला, आणि गाणे सुरू झाले. मी चकित झाले. मला वाटले होते सगळे इंग्रजी असेल. हे तर अभंगाच्या चालीवरचे मराठी! सिस्टरबाईंनी हातातले पुस्तक माझ्यापुढे धरले. "उपासना संगीत" असे त्याचे नाव. त्यातील पुष्कळ पदे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत. टिळक हे मूळचे कोकणातले ब्राह्मण, नागपूरला राहिलेले. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला, आणि १८९५ साली त्यांनी मुंबईस ख्रिस्ती धर्म घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या. त्या पाच वर्षे नवऱ्यापासून दूर राहिल्या आणि पुढे १९०० साली, आपल्या मनाला पटले तेव्हा, त्यांनीही तो धर्म स्वीकारला. शाळेत न गेलेल्या या बाईने "स्मृतिचित्रे" लिहिली. आपल्या वाचनालयात ते पुस्तक असेल तर अवश्य वाचा. हसू येते आणि डोळ्यांत पाणीही येते. धर्म बदलला तरी टिळकांनी तुकोबांचा हात सोडला नाही, हे त्यांची पदे ऐकताना समजते.

गाण्यानंतर सर्वांनी मान खाली घालून आठवडाभरात हातून घडलेल्या चुकांबद्दल देवाची क्षमा मागितली. नंतर एका तरुण मुलीने पुढे येऊन बायबल वाचले. त्या वाचनावरून सिस्टरबाईंनी मला मागाहून पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात बसून मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. साध्या, कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा मराठीत. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते बायबल निघाले. छापखान्यातले कामही तिथल्या मुली-बायकांनीच केले. भगिनींनो, एका बाईने एवढा ग्रंथ भाषांतरित करावा आणि निराधार बायकांनी तो छापावा, ही गोष्ट कोणत्याही धर्माच्या बाईने अभिमानाने सांगावी अशी आहे.

त्यानंतर पाळकसाहेबांचा उपदेश झाला. विषय होता शेजाऱ्याचा. वाटेत जखमी पडलेल्या माणसाला त्याच्या जातवाल्यांनी टाळले आणि परक्या जमातीच्या माणसाने उचलून नेले, अशी येशूने सांगितलेली ती गोष्ट. पुढे दानाची थैली फिरली. मी यथाशक्ती टाकले. न टाकले तरी कोणी काही म्हणत नाही.

आता जी गोष्ट तुम्ही नीट लक्षात ठेवावी ती सांगते. तो महिन्याचा पहिला रविवार असल्यामुळे प्रभुभोजन होते. त्यात पावाचा तुकडा आणि द्राक्षरस देतात. येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर जे शेवटचे भोजन केले, त्याची ती आठवण. हा आपल्या प्रसादासारखा सर्वांना वाटायचा पदार्थ नव्हे. ज्यांनी तो धर्म घेतला आहे त्यांच्यासाठीच तो असतो. पाहुण्याने आपल्या जागी शांत बसून राहावे, त्यात अपमान नाही आणि कोणी आग्रहही करीत नाही. तसेच सर्व जण उभे राहून आपल्या श्रद्धेची कबुली म्हणतात, तेव्हा मी उभी राहिले पण शब्द म्हटले नाहीत. जे माझ्या मनाचे नाही ते तोंडाने म्हणणे, हा त्यांच्याही देवाचा आणि माझ्याही देवाचा अपमान झाला असता. मान देण्यासाठी उभे राहावे. पुढचे आपल्या मनाचे.

राहिले पाणी शिंपडण्याचे. त्याला बाप्तिस्मा म्हणतात. मोठ्या माणसाला तो मागितल्यावाचून मिळत नाही; आधी शिकवण घ्यावी लागते, सर्वांसमक्ष कबुली द्यावी लागते. बाकावर येऊन बसणाऱ्या पाहुणीवर कोणी पाणी उडवीत नाही.

सर्वच मला पटले असे नाही. देवाकडे जाण्याची वाट एकच, असे त्यांच्या प्रार्थनेत आले, ते माझ्या मनाला मानवत नाही. पण आपल्या घरातले वारकरी मामंजी आणि महादेवाचे भक्त काका यांचे तरी कुठे पटत असे? म्हणून कोणी एकमेकांचा उंबरा सोडला नाही. ख्रिस्ती लोकांतही पंथ पुष्कळ. त्यांतल्या सहा मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरातच एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही एक मंडळी झाली. वेगळे झालेले भाऊ पुन्हा एका चुलीवर आले, याचे मोल आपल्यासारख्या एकत्र कुटुंबातल्या सुनांना वेगळे सांगायला नको.

आणि आपण तर वर्ध्याच्या वेशीवरच्या. सेवाग्रामच्या सायंप्रार्थनेत सर्व धर्मांच्या प्रार्थना होतात. मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम उभे करणारे जे. सी. कुमारप्पा ख्रिस्ती होते. पवनारच्या विनोबांनी बायबलातले वेचे काढून "ख्रिस्तधर्मसार" तयार केले. जमनालालजी बजाजांनी १९२८ साली आपल्या लक्ष्मीनारायण मंदिराची दारे अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडली. त्या वेळी प्रश्न होता, आत कोणाला येऊ द्यावे. आज आपला प्रश्न उलटा आहे. दार उघडे आहे, बोलावणे आले आहे, आणि आपणच उंबऱ्यापाशी अडखळतो आहोत.

तेव्हा माझी सूचना अशी. लग्नाला सर्व जणींनी मिळून जावे. रोजच्यासारखे कुंकू लावावे, आत पदर घ्यावा, सर्व उभे राहतील तेव्हा उभे राहावे. अक्षता मात्र परस्पर नेऊ नयेत. काय चालते ते मी सिस्टरबाईंना विचारून सांगेन. मुलीला द्यायच्या आहेराची वर्गणी आजच्या सभेतच गोळा करू. ज्यांच्या घरी अडचण आहे त्यांनी सासूबाईंना माझ्याकडे पाठवावे. मी जे पाहिले ते त्यांनाही सांगेन.

फाटकाबाहेर मात्र कोणी थांबू नये. बाके लांब आहेत, आपण सगळ्या मावू.