घाटात गाडीचा दम का सुटत होता

चुलीपाशी बसला असाल तर तिथंच बसा, कारण आजचं बोलणं चुलीवरूनच सुरू होणार आहे. विषय मात्र गाडीच्या इंजिनाचा आहे. हसू नका. आता गटांच्या दारात पिकअप उभ्या राहायला लागल्यात. हप्ता आपण भरतो, डिझेल आपण भरतो, आणि गाडी अडली की नावही आपलंच निघतं. आमचं निघालं, म्हणून हे सांगतोय.

आमच्या गटाची पिकअप जुनी आहे, अडीच लिटरचं टर्बो डिझेल इंजिन, बीएस-४ मधली. ती सेकंडहँड घेतली, बँकेचं कर्ज काढून. रोज पहाटे भाजी, दूध आणि चपात्यांचे डबे भरून वाईहून पसरणीचा घाट चढायचा आणि पाचगणीच्या एका निवासी शाळेच्या भटारखान्यात सातच्या आत माल उतरवायचा, हा आमचा धंदा. गाडी चालवते आमच्याच गटातली एक सून. लायसन तिनं लग्नाआधी काढलेलं होतं. तिला गाडी द्यायची का, यावर आमच्या बैठकीत दोन तास वाद झाला होता, तो वेगळाच विषय.

श्रावणात कधीतरी तिनं पहिल्यांदा सांगितलं, "ताई, घाटात गाडी ओढत नाही." खाली वाईच्या बाजारात ठीक, सपाटीला ठीक, रिकामी उतरताना तर पाखरासारखी. पण माल भरून घाटाला लागलं, खाली धोमचं पाणी दिसायला लागलं, आणि तिसऱ्या गिअरला जरा जोर द्यावा तर इंजिन वरच्या फेऱ्यांना गेल्यावर दम सोडायचं. पाय पूर्ण दाबला तरी पुढं काही नाही. मग दुसरा गिअर, मागं एसटीचा हॉर्न, आणि वर पोचायला सव्वासात. शाळेच्या स्वयंपाकघरातून दोनदा ताकीद आली. तिसऱ्यांदा उशीर झाला असता तर ते काम दुसऱ्याला जाणार होतं.

आता गावात बोलणं काय सुरू झालं ते तुम्हाला सांगायला नको. बाईच्या हातात गाडी दिली, गिअर टाकता येत नाही, क्लच जाळला असेल. गाडी डिझेल जास्त पीत होती, त्यावरूनही कुजबुज झाली, डिझेल खरंच गाडीत जातं का अशी. आमच्या बैठकीतही एकीनं ते उघड विचारलं. त्या वेळी आम्ही गप्प बसलो. गटाची चालक म्हणून आम्ही बोलायला हवं होतं, आणि बोललो नाही. ही गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला मोकळं वाटेल.

पहिल्या गॅरेजात एअर फिल्टर बदलला. तो खरोखर मातीनं भरला होता, बदलला ते बरंच झालं, पण घाटात फरक पडला नाही. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं गाडी जागेवर उभी करून न्यूट्रलला रेस दिली. इंजिन झकास ओरडलं. मग त्यानं स्कॅनर लावला. स्कॅनरवर पी-०२९९ असा आकडा आला. तो म्हणाला, "टर्बो गेला. नवा घाला. अडतीस हजार." आमच्या गटाची शिल्लक तेव्हा एकेचाळीस होती. त्यात दोघींच्या मुलींच्या कॉलेजच्या फीचं कर्ज मंजूर झालेलं होतं, नुसतं वाटायचं बाकी. म्हणजे टर्बो घालायचा तर त्या दोघींना थांबा म्हणायचं.

त्या दिवशी बैठकीत कुणी काही ठरवलं नाही. आमच्यातल्या एक आक्का, शाळा चौथीपर्यंत, त्या एवढंच म्हणाल्या, "पैशाचं लिवून ठेवता, मग गाडीचं का न्हाई?" आणि आम्ही गाडीला एक वही केली.

वहीत रोज लिहायचं: माल किती, गिअर कुठला, फेऱ्यांचा काटा किती, धूर कसला, आवाज कसला. काटा बघत घाटात गाडी चालवणं धोक्याचं, म्हणून आमच्या ड्रायव्हरीणबाईनं युक्ती केली. ज्या जागी गाडी दम सोडते तिथं मीटरच्या काचेवर तिनं कपाळाची टिकली लावली. अडीच हजारावर. शेजारी एकीला बसवलं, तिनं लिहायचं. आठ दिवसांत वही बोलायला लागली. माल असेल आणि काटा टिकलीच्या पुढं जायला बघेल तेव्हाच दम जातो. त्याच वेळी मागं काळा धूर. आणि त्याच वेळी बॉनेटखालून सुंऽऽ असा आवाज, कुकरची रिंग नीट बसली नसली की येतो तसा. हा आवाज लिहिणारीनं ऐकला होता, गॅरेजवाल्यानं नाही, कारण तो गाडीबरोबर घाटात आलाच नव्हता.

ही वही आम्ही एका काकांना दाखवली. आयुष्य एसटीच्या डेपोत फिटर म्हणून गेलेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "धूर काळा ना? नक्की?" आणि मग त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवून जे समजावलं, ते आता तुम्हाला सांगतो.

चुलीत लाकूड भरपूर घातलं आणि वारा मिळाला नाही तर काय होतं? जाळ नाही, काळा धूर. फुंकणीनं फुंकलं की जाळ होतो. डिझेल म्हणजे लाकूड, टर्बो म्हणजे फुंकणी. फरक एवढाच की ही फुंकणी धुराच्या जोरावर फिरते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक चाक फिरतं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात भरतं. मिनिटाला लाखाच्या वर फेरे होतात त्याचे. फुकट जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायची ही अक्कल आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरची, १९०५ साली त्यानं पेटंट घेतलं होतं. दाबलेली हवा तापते, म्हणून ती आधी इंटरकूलर नावाच्या जाळीतून गार होऊन मग इंजिनात जाते. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन, असे मधे रबरी पाइप असतात. ह्या पाइपांची नावं लक्षात ठेवा, आमची गोष्ट तिथंच अडली होती.

मग वरच्या फेऱ्यांनाच का दम जातो? हिशेब सोपा आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांना एकदा प्रत्येक सिलिंडर हवेनं भरतो. आमचं इंजिन अडीच लिटरचं. मिनिटाला हजार फेरे असतील तर साडेबाराशे लिटर हवा. तीन हजार फेरे असतील तर पावणेचार हजार लिटर. दोनशे लिटरचा ड्रम धरला तर सहा ड्रमांचे जवळजवळ एकोणीस ड्रम झाले, आणि टर्बो ती हवा आणखी दाबून भरतो ते वेगळंच. हवेच्या वाटेत कुठंही अडथळा किंवा गळती असेल तर हळू चालताना ते कळत नाही. मागणी वाढली की उघडं पडतं. घाट चढताना वरची हवाही विरळ होत जाते, म्हणजे टर्बोवरचं ओझं आणखी वाढतं.

आणि न्यूट्रलला रेस देऊन हे कळत का नाही, तेही काकांनी सांगितलं. ओझं नसलं की इंजिनाला डिझेल थोडंच लागतं, धुराला जोर नसतो, टर्बो हवा दाबतच नाही. ठिबकच्या नळीला बारीक चीर असते, मोटर बंद असताना ती दिसते का? मोटर पूर्ण जोरात सुरू झाली की फवारा उडतो. तसंच हे.

पी-०२९९ ह्या आकड्याचा अर्थही आम्हाला तेव्हा कळला. तो आकडा म्हणतो, हवेचा जेवढा दाब हवा होता तेवढा मिळाला नाही. टर्बो गेला असं तो म्हणत नाही. घरात दूध कमी भरलं म्हणून कुणी लगेच म्हैस विकत नाही. चरवी गळते का, वासरू प्यायलं का, ते आधी बघतात.

काकांनी स्वस्तातलं आणि सोपं आधी तपासलं. इंजिन गार असताना टर्बोच्या तोंडाचा पाइप काढला आणि बोटांनी आतला दांडा हलवून बघितला. बाजूला किंचित हलला, तेवढं चालतं. आत-बाहेर सरकत नव्हता, आणि पाती कुठं घासलेली नव्हती. टर्बो चांगला होता. गाडी चालू असताना किंवा नुकती बंद केल्यावर तिथं हात घालू नका बरं का, हात चिकटेल इतका तो भाग तापतो. मग डिझेल फिल्टरखालचा खिळा ढिला करून पाणी साचलंय का ते बघितलं. ते म्हणाले, डिझेल फिल्टर तुंबला तरी वरच्या फेऱ्यांना दम जातो, पण तेव्हा काळा धूर नसतो, कारण तिथं हवा पुरते आणि डिझेल कमी पडतं. म्हणून त्यांना धुराचा रंग आधी हवा होता. मात्र ज्यांची गाडी बीएस-६ आहे, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरची, त्यांनी धुरावर विसंबू नये. त्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी गाळणी असते, काळा धूर आतच अडतो. ती गाळणी तुंबली तरी दम जातो, ते आणखी निराळं दुखणं.

मग बॅटरी घेऊन ते गाडीखाली गेले. इंटरकूलरकडं जाणाऱ्या पाइपाच्या खालच्या अंगाला तेलकट काळा डाग होता. टर्बोतून हवेबरोबर थोडा तेलाचा अंश येतोच, हवा गळते तिथं तो बसतो. वरून कितीही बघितलं असतं तरी तो डाग दिसला नसता. पाइपाची दोन्ही तोंडं बंद करून टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं अगदी थोडी हवा भरली, आणि वरून साबणाचं पाणी सोडलं. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढतात तसं. हवा जास्त भरू नका, पाइप उडून तोंडावर येऊ शकतो. पहिल्यांदा काहीच नाही. थोडा दाब वाढवला आणि क्लिपेच्या शेजारी बोटभर चीर उघडून फेस फसफसायला लागला. पाइप एका पत्र्याला घासत होता, तिथं झिजून फाटला होता. दाब नसला की चीर मिटून जायची.

डिझेल जास्त का जात होतं, तेही तिथंच सुटलं. आमच्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर फिल्टरपाशी आहे, टर्बोच्या आधी. त्यानं मोजलेल्या हवेच्या हिशेबानं डिझेल सुटतं, आणि मोजून झाल्यावर निम्म्या वाटेत हवा गळते. जास्तीचं डिझेल काळा धूर होऊन घाटात उडत होतं. आमच्या ड्रायव्हरीणबाई हे ऐकत गाडीला टेकून उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत.

नवा पाइप आणि दोन क्लिपा मिळून दोन हजार साडेतीनशे रुपये लागले. घासणारा पत्रा काकांनी वाकवून दिला. दुसऱ्या दिवशी माल भरून काका स्कॅनर घेऊन गाडीत बसले. पाइप बदलायच्या आधी त्यांनी अशीच एक फेरी मारली होती, तेव्हा इंजिनानं मागितलेला दाब २१० आणि मिळालेला १५०. किलोपास्कल म्हणतात त्याला, बाहेरच्या हवेचा दाब त्यात धरून असतो, समुद्रसपाटीला तो साधारण १०१ असतो. आता मागितलेला २१० आणि मिळालेला २०६. तिसऱ्या गिअरला काटा टिकली ओलांडून पुढं गेला. पावणेसातला माल शाळेत उतरला.

पुढच्या बैठकीत आम्ही सगळ्यांसमोर तिची माफी मागितली, आणि त्या दिवशी डिझेलचं विचारणाऱ्या काकूंनीही मागितली. फीचं कर्ज दोन्ही मुलींना वेळेवर गेलं. "बरं झालं गाडी बिघडली, नाहीतर माझं गिअर टाकणं कुणी बघायला बसलंच नसतं," असं ड्रायव्हरीणबाई म्हणाल्या. हे त्या हसत म्हणाल्या की रागानं, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

तुमच्या गटाची गाडी असेल तर वही आजच करा, बिघडायच्या आधी. चांगली चालते तेव्हा कशी चालते हे लिहिलेलं असलं तर बिघाड लवकर उमगतो. तेल वेळेवर बदला, टर्बोचा दांडा त्या तेलावरच तरंगतो. घाट चढून आलात की किल्ली लगेच फिरवू नका, मिनिटभर इंजिन संथ चालू द्या, म्हणजे तेल फिरून टर्बो गार होतो. आणि गॅरेजात मोठा भाग बदलायला सांगितला की विचारा, "माल भरून, चढावर, गाडीत बसून बघितलंत का?"

आमच्या मीटरच्या काचेवरची टिकली अजून तिथंच आहे. काढायला सांगितलं तर ड्रायव्हरीणबाई म्हणतात, राहू द्या.