रिकाम्या खेपेची नोंद

मासेमारीच्या वहीतली सगळ्यात मोलाची नोंद कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण घबाडाच्या दिवसाकडे बोट दाखवतील. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. घबाड लिहून ठेवायची गरजच नसते, ते अख्खं गाव लक्षात ठेवतं. डिझेल जळलं, खलाशांचा खर्च अंगावर आला आणि जाळ्यात काही आलं नाही, तो दिवस मात्र महिनाभरात पुसला जातो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या की वेस्ट बंदरात हौशी मंडळींना बोटीतून मासेमारीला नेतात आणि परतल्यावर मासे टांगून धक्क्यावर फोटो काढतात. असे जुने फोटो तपासून लॉरेन मॅक्लेनाकन या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिलं की १९५०च्या दशकात टांगलेल्या माशाचं सरासरी वजन वीस किलोच्या आसपास होतं, ते २००७ मध्ये २.३ किलोवर आलं. माणसांच्या चेहऱ्यावरचा आनंद तेवढाच! प्रत्येक पिढी आपल्या उमेदीतला समुद्र हाच मूळ समुद्र धरून चालते, हे मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्येच मांडलं होतं. पण या फोटोंनाही एक मर्यादा आहे. हात हलवत परतलेल्यांचा फोटो कोण काढणार? मासा लहान झाला हे फोटो सांगतात. किती खेपा फुकट गेल्या, हे फक्त वहीच सांगू शकते.

अर्थात ‘आज काही नाही’ एवढं लिहून भागत नाही. आपल्याकडची डोल घ्या. हे जाळं एका जागी रोवलेलं असतं आणि भरती-ओहोटीचा ओढ मासळी त्यात लोटतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोराचा, अष्टमीच्या भांगाला मंद. म्हणजे भांगाच्या दिवशी बोंबील कमी आले, तर तो दोष समुद्राचा की तिथीचा? ‘वद्य अष्टमी, खोली अठरा वाव, डोल दोनदा उचलली, बोंबील अर्धी टोपली, पापलेट नाही’ अशी नोंद असेल, तरच ती पुढच्या वर्षीच्या वद्य अष्टमीशी ताडून पाहता येते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणाऱ्या किनाऱ्याला हे नवीन सांगायला नको.

बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या डोक्यात हे सगळं असतंच, मग वही कशाला, असं कुणी म्हणेल. मासळी कुठे लागेल हे त्याच्या डोक्यात असतं, यात शंका नाही. पण वीस वर्षांपूर्वी तेवढ्याच मासळीसाठी किती तास लागत होते, हे डोकं प्रामाणिकपणे सांगत नाही. याहून वजनदार आक्षेप कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचा आहे. तिथे मोठ्या ट्रॉलरांच्या नोंदी होत्या, आणि ताशी पकड चांगली दिसत असल्यामुळे साठाही चांगला असल्याचं मानलं गेलं. प्रत्यक्षात उरलासुरला कॉड एकवटला होता आणि यंत्रं त्याला अचूक गाठत होती. किनाऱ्यालगतचे छोटे मच्छीमार मासा घटल्याचं सांगत होते, त्यांचं ऐकलं गेलं नाही, आणि जुलै १९९२ मध्ये कॉडची मासेमारीच बंद करावी लागली. म्हणजे नोंदसुद्धा फसवते. म्हणूनच जाळ्याची आस, म्हणजे भोकाचा आकार, बदलली, नवं इंजिन बसवलं, मासळी शोधणारं यंत्र आलं, तर ती तारीख वहीत हवीच; नाहीतर यंत्राची करामत आपण समुद्राच्या खात्यावर जमा करू.

राहिला प्रश्न गुपिताचा. मासळी लागणारी जागा कोण कुणाला सांगतं? सांगूही नये. पण बाकीची नोंद वाटून घेता येते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी नौदलातले अधिकारी मॅथ्यू मॉरी यांनी गलबतांच्या कप्तानांकडून वारे-प्रवाहांच्या नोंदी मागवल्या, आणि बदल्यात त्यांतून तयार झालेले नकाशे फुकट दिले. देण्यात फायदा दिसला, म्हणून कप्तानांनी दिलं. आपल्याकडे दरवर्षी १ जूनपासून यांत्रिक नौकांना ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. त्या काळात, मॉरींच्याच धर्तीवर, मच्छीमार सोसायट्यांना जागा झाकून नुसती तिथी, खोली, आस, तास आणि वजन एकत्र मांडता येईल. याची गरज आहे, कारण बंदी किती दिवसांची असावी, जाळ्याची आस किती असावी, हा वाद निघाला की सरकारी आकड्याला उत्तर द्यायला मच्छीमारांकडे सहसा तोंडी अनुभवच असतो, आणि बैठकीच्या इतिवृत्तात तो ‘मागणी’ म्हणून नोंदला जातो, पुरावा म्हणून नाही.