फोटो आमचा, परवानगी कुणाची?

(अकोला येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला होता 'प्रसारमाध्यमं आणि स्त्रिया'. जाहिरातीतली बाई, मालिकेतली बाई यांवर आपण अनेक शिबिरांत बोललो आहोत. आज मी त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे. आपण आपल्या माणसांसाठी मोबाइलवर टाकलेला फोटो उचलून, आपल्याला न विचारता बातमीत छापला जातो, त्याबद्दल.

आधी एक हकिकत सांगते. गाव आणि नावं सांगत नाही. बाळापूरकडची एक मुलगी लग्नानंतर दोन वर्षांत सासरी गेली, म्हणजे जिवानिशी गेली. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात आणि एका बातम्यांच्या पोर्टलवर फोटोसह बातमी आली. फोटो घेतला होता तिच्या फेसबुकवरून. पण तिने तिथं स्वतःचा फोटो ठेवलाच नव्हता. धाकट्या बहिणीचा ठेवला होता. बहीण नर्सिंगला लागली, घरातली पहिली शिकणारी पोर, म्हणून कौतुकाने ठेवलेला. बातमीत मेलेली म्हणून छापली गेली ती जिवंत बहीण.

वसतिगृहातल्या मुली रडत तिच्या खोलीकडे धावल्या. गावात लोक तिच्या नावाने भेटायला येऊ लागले. जमत आलेली तिची सोयरीक मोडली. पेपरात फोटो आलेली पोरगी नको, असं त्या लोकांनी सरळ सांगितलं. आम्ही आईला घेऊन त्या कचेरीत गेलो. तिथला उपसंपादक तरुण होता, उर्मट नव्हता. म्हणाला, "मॅडम, पान सोडायची वेळ झाली होती. आणि फोटो पब्लिकच होता." आई तोवर गप्प होती. ती म्हणाली, "मोठी तं गेली बाप्पा, पन या जित्त्या पोरीले तुमी काऊन मारलं?"

यावर कुणाजवळ उत्तर नव्हतं. चार ओळींची दुरुस्ती आतल्या पानावर आली. पोर्टलवरचा फोटो निघाला, पण बातमी ज्या शेकडो मोबाइलांवर गेली होती तिथून तो कोण काढणार?

"फोटो पब्लिक होता" हे वाक्य आपल्याला नीट तपासायला हवं. दार उघडं होतं म्हणून कुणी घरात शिरून पेटी उचलून नेली, तर आपण त्याला चोरीच म्हणतो. ओटीवर बसलेल्या बाईकडे येणारा-जाणारा पाहतो, पण म्हणून तिचं चित्र चौकात टांगायची मुभा कुणाला मिळत नाही. बहिणीचा फोटो बहिणीच्या कौतुकासाठी टाकला होता. तिथून उचलून तो मृत्यूच्या बातमीवर लावला, म्हणजे त्याचा अर्थच बदलला. परवानगी एका कामासाठी असते. दुसऱ्या कामासाठी पुन्हा विचारावं लागतं. मला आज एवढंच सांगायचं आहे.

ही गोष्ट आपल्या वऱ्हाडाला अगदीच नवी नाही. 2006 साली पंतप्रधानांचं पॅकेज आलं, त्यात आपले अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा हे सहा जिल्हे होते. त्या काळात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी कॅमेऱ्यांची रीघ लागली होती. नवऱ्याचा हार घातलेला फोटो मांडीवर घेऊन बसलेली बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. "फोटो हातात धरा, जरा खाली बघा," असं सांगताना मी स्वतः ऐकलं आहे. त्या बाईचं कर्ज, सातबारा कुणाच्या नावावर, तिला मदत मिळाली की नाकारली, हे बातमीत असायचं किंवा नसायचं. चेहरा मात्र असायचाच. तरीसुद्धा त्या कॅमेरावाल्याला उन्हातान्हात दारापर्यंत यावं लागत होतं. बाई "नको" म्हणू शकत होती. काहीजणी म्हणाल्याही. आता दाराशी येण्याचीही गरज उरलेली नाही, आणि "नको" म्हणायची जागाही उरलेली नाही.

जगात याचं सर्वांत भयंकर उदाहरण इराणचं आहे. 20 जून 2009 रोजी तेहरानमध्ये निदर्शनांच्या वेळी नेदा आगा-सुलतान ही तरुणी गोळी लागून मेली. जगभरच्या वृत्तसंस्थांना तिचा फोटो हवा होता. कुणीतरी फेसबुकवर शोधलं आणि नेदा सुलतानी या दुसऱ्याच बाईचा फोटो उचलला. ती तेहरानमध्ये इंग्रजी साहित्य शिकवणारी प्राध्यापिका होती. तिचा चेहरा फलकांवर, टीव्हीवर, मेणबत्त्यांच्या मागे झळकला. मी ती नव्हे, असं ती कळवत राहिली, तरी फोटो फिरतच राहिला. उलट सरकारी यंत्रणा तिच्यामागे लागली, कारण जिवंत नेदा दाखवून मेलेली नेदा खोटी ठरवता आली असती. काही दिवसांतच तिला देश सोडावा लागला. जर्मनीत आश्रय मिळाला. पुढं 2012 मध्ये तिचं पुस्तक आलं, त्याच्या नावाचा अर्थ 'माझा चोरलेला चेहरा'.

आपल्या देशातही 2020 मध्ये हाथरसच्या मुलीचा म्हणून एका वेगळ्याच मृत महिलेचा फोटो फिरला. तो थांबवण्यासाठी त्या महिलेच्या नवऱ्याला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं.

कुणी म्हणेल, हे चुकीच्या फोटोचं झालं, बरोबर फोटो असता तर? बरोबर असता तरी प्रश्न राहतोच. 2018 साली कठुआच्या आठ वर्षांच्या मुलीचा खरा फोटो आणि खरं नाव देशभर छापलं गेलं. दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि बारा माध्यमसंस्थांना प्रत्येकी 10 लाख रुपये भरायला लावले. कारण लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 228अ होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 72 आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मूल असेल तर 2012 च्या पोक्सो कायद्याचं कलम 23 आहे. त्यात फोटोच नव्हे, तर शाळा, शेजार, घरचे लोक असं ओळख पटवणारं काहीही छापायला मनाई आहे.

हे 228अ कलम कुठून आलं, हे आपण विदर्भातल्या बायांनी विसरू नये. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. त्याविरुद्ध देशभरच्या बाया रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. ओळख छापायची नाही हे कलम त्याच दुरुस्तीतलं आहे. म्हणजे एका विदर्भातल्या मुलीच्या वेदनेतून बाकीच्या सगळ्यांना झाकण मिळालं. तिला स्वतःला ते मिळालं नाही. तो खटला आजही तिच्याच नावाने ओळखला जातो.

पण हुंडाबळी, घरातली मारहाण, संशयास्पद मृत्यू, पळून जाऊन केलेलं लग्न यांच्या बातम्यांना हे कलम लागत नाही. आणि डीपी उचलले जातात ते बहुतेक अशाच बातम्यांसाठी. तिथं आपल्याजवळ काय आहे?

एक, खासगीपणाचा हक्क. 1994 च्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, व्यक्तीच्या संसाराबद्दल, घराबद्दल तिच्या संमतीशिवाय छापता येत नाही. मात्र न्यायालयीन कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदींतली माहिती आणि सरकारी अधिकाऱ्यांचं पदावरचं वागणं याला अपवाद आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. माणूस सार्वजनिक जागी आहे एवढ्याने त्याचा खासगीपणा संपत नाही, असंही त्या निकालात म्हटलं आहे. पण सावध राहा. 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्यात व्यक्तीने स्वतःच जाहीर केलेली माहिती कायद्याच्या बाहेर ठेवली आहे. म्हणजे "पब्लिक होता" हेच वाक्य मागच्या दाराने कायद्यात आलं आहे. यावर आपल्या संघटनांनी बोललं पाहिजे.

दोन, फोटो काढणाऱ्याचा हक्क. हा आपल्याला फारसा माहीत नसतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो ज्याने काढला तो त्याचा कर्ता. मोबाइलवर भावाने काढला तर भाऊ, स्वतः सेल्फी काढली तर आपण स्वतः. लग्नात पैसे देऊन फोटोग्राफर लावला असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालकी पैसे देणाऱ्याची. फेसबुकवर टाकला म्हणून मालकी जात नाही. मी सांगितलेल्या बातमीत फोटोखाली लिहिलं होतं, 'सौजन्य : फेसबुक'. फोटो काढला होता तिच्या मामेभावाने. फेसबुक कसलं सौजन्य दाखवणार? पेपरच्या स्वतःच्या माणसाने काढलेल्या फोटोखाली 'छाया' म्हणून त्याचं नाव येतं. गरिबाच्या पोराने काढलेला फोटो मात्र बेवारस ठरतो.

डॅनियल मोरेल या हैतीच्या छायाचित्रकाराने 2010 च्या भूकंपाचे फोटो ट्विटरवर टाकले. एका मोठ्या वृत्तसंस्थेने ते परवानगी न घेता, वर दुसऱ्याच माणसाच्या नावाने, जगभर विकले. तो अमेरिकेत न्यायालयात गेला आणि 2013 मध्ये ज्यूरीने त्याला 12 लाख डॉलर द्यायला लावले. आपल्या कायद्यात चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी उचित वापराची सूट आहे, आणि पेपरवाले तीच पुढे करतील. पण ती सूट आहे, सरसकट मुभा नव्हे.

आता प्रत्यक्ष काय करायचं. पहिल्यांदा पुरावा ठेवा. पेपरचं कात्रण तारखेसह, पोर्टलचा स्क्रीनशॉट पत्त्यासह. मग संपादकांना लेखी पत्र द्या: फोटो काढा, आणि बातमी जिथं आली तिथंच तेवढ्याच ठळकपणे दुरुस्ती छापा. दाद मिळाली नाही तर दैनिक-साप्ताहिकाविरुद्ध भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे दोन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. परिषद दंड करू शकत नाही, ताशेरे ओढू शकते. पण संपादकाला खुलासा करावा लागतो, आणि पुढच्या वेळी हात थबकतो. नुसतं पोर्टल असेल तर परिषद उपयोगाची नाही. तिथं पोर्टलच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा आणि ज्याने फोटो काढला त्याच्या नावाने कॉपीराइटची नोटीस द्या. लैंगिक गुन्ह्यातली ओळख उघड झाली असेल तर सरळ पोलीस ठाण्यात जा आणि कलम 72 सांगा.

यात एक मोठा धोका आहे, तो घरातला. असं काही घडलं की घरचे म्हणतात, "फोटो टाकलाच कशाला?" रात्री बाहेर गेलीच कशाला, या प्रश्नाची ही धाकटी बहीण. 1 जानेवारी 2022 ला 'बुल्ली बाई' नावाच्या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो समाजमाध्यमांवरून उचलून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. त्यात पत्रकार होत्या, बोलणाऱ्या बाया होत्या. हेतू हाच होता की त्यांनी तोंड लपवावं. म्हणून मुलींना फोटो काढून टाकायला सांगणं हे आपलं उत्तर असू शकत नाही. दोष उचलणाऱ्याचा आहे.

शेवटी आपल्याबद्दल. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या संघटनेने दारूबंदीच्या मोर्चावर पुस्तिका काढली. मुखपृष्ठावर मूठ उंचावलेली एक बाई होती. फोटो फार छान आला होता. आम्ही तिला विचारलं नाही. मोर्चा आपला, बाई आपली, विचारायचं काय! ती घरी रेशनला जाते सांगून आली होती. पुस्तिका नवऱ्याच्या हाती पडली आणि तिने मार खाल्ला. ती भांडायला आली नाही. एवढंच म्हणाली, "मले इचारलं असतं तं मी मांगच्या रांगेत उभी राह्यली असती. मोर्चात तं आलीच असती."

हे वाक्य मी आजवर बाळगलं आहे. आपण त्या दिवशी त्या उपसंपादकासारख्याच वागलो होतो. विचारलं की बाया नाही म्हणतील अशी आपल्याला भीती असते. पण बहुतेकजणी हो म्हणतात. कसा, कुठं, किती, हे त्यांना ठरवायचं असतं. मोर्चाची गर्दी छापायला, मंत्र्याचा फोटो छापायला कुणाची परवानगी नको. एका बाईचा चेहरा उचलून पानावर लावायचा असेल, तर तिला विचारायचं, आणि फोटो काढणाऱ्याचं नाव खाली घालायचं. ती हयात नसेल, तर तिच्या माणसांना.

आज जेवणानंतर गट बसतील तेव्हा हा नियम आधी आपल्या पत्रकांना, अहवालांना आणि व्हॉट्सॲप गटांना लावून पाहा. या शिबिराचे फोटोही त्यातच आले. मग आपण मिळून अकोल्यातल्या सगळ्या संपादकांना एक पत्र देऊ. त्यावर सही करायला ती नर्सिंगची मुलगी तयार आहे. तिला विचारूनच हे सांगते आहे.