जाड भिंतींच्या घरात हाक पोहोचावी म्हणून
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणिसांनी आम्हांस विषय दिला तो घरातील इंटरनेटच्या तारेच्या व बिनतारी जोडणीचा. महोत्सवाच्या व्यासपीठावर हा कसला विषय, असे काहींना वाटले असेल. आम्हांलाही तसेच वाटले असते. पण आमच्या घरी जे घडले त्यानंतर तसे वाटत नाही.

पेडणे तालुक्यातील आमच्या जुन्या घरी आमच्या थोरल्या काकी एकट्या राहतात. मुले मुंबईस व आखातात. ऐन पावसाळ्यात एका रात्री मागच्या खोलीत त्यांचा पाय घसरला व उठता येईना. मोबाइल हाताशी होता, पण त्या खोलीत कंपनीची रेंज येत नाही. घरात वायफाय होते, परंतु त्याची पेटी ओसरीवर, खिडकीपाशी. तार जेथून आत आली तेथेच ठोकलेली. मध्ये तीन चिऱ्यांच्या भिंती व राजांगण. काकींनी पहाटेपर्यंत तसेच पडून काढले. दूधवाला आला तेव्हा त्यांची हाक कोणाच्या कानी पडली. दोष कोणाचा? आमचाच. पैसे भरून जोडणी घेतली, पण ती कोणासाठी व कोठपर्यंत, याचा विचार आम्ही केला नव्हता.

मुक्तीनंतर आपल्या खेड्यापाड्यांत वीज आली, तेव्हाही पुष्कळ घरांत असेच झाले. एक दिवा ओसरीवर लागला आणि स्वयंपाकघरात पुढे कितीतरी दिवस चिमणीच राहिली. केंद्र सरकारने २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना मंजूर केली. आता खाजगी कंपन्यांच्या ताराही वाड्यावाड्यांत आल्या आहेत. पण तार दारापर्यंत आणणे हे त्यांचे काम. दारापासून माजघरापर्यंत नेणे हे आपले.

वायफाय म्हणजे रेडिओच्याच जातीच्या लहरी. त्यांच्या दोन पट्ट्या आपल्या उपयोगाच्या : २.४ गिगाहर्ट्झची लहर संथ, पण भिंतीतून बरी जाते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंतीस लवकर हार खाते. आपली भिंत दीड-दोन फूट जाडीची, जांभ्या चिऱ्याची, आणि पावसाळ्यात ओल धरणारी. ओल लहरीला शोषून घेते. म्हणून शहरातील सदनिकेत जी एक पेटी पुरते, ती आपल्या चौसोपी घरात पुरणार नाही. अधिक महागडी पेटी आणूनही भिंत पातळ होत नाही.

मग करावयाचे काय? प्रथम कागद-पेन्सिल घ्यावी व घराचा नकाशा काढावा. कोण कोठे झोपते, मुले अभ्यासास कोठे बसतात, दूरदर्शन संच कोठे आहे, हे त्यावर मांडावे. मग फोन हातात धरून खोलीखोलीतून फिरावे व लहर कोठे तुटते तेथे फुली मारावी. आमच्या नकाशावर पहिली फुली काकींच्या खाटेवर पडली.

दुसरे, जे जागचे हलत नाही त्यास तार द्यावी, जे हातात फिरते त्यास बिनतारी लहर. घरातील सर्व तारा एकाच कोरड्या, हवेशीर जागी आणाव्यात. आम्ही जिन्याखालचे कपाट निवडले. तेथून प्रत्येक महत्त्वाच्या खोलीत स्वतंत्र तार न्यावी आणि तिच्या टोकास अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे लहर सोडणारी छोटी पेटी, छताजवळ बसवावी. बिनतारी पेट्यांची साखळीही बाजारात मिळते. परंतु एका पेटीची लहर दुसरीपर्यंत जाण्यास तीच जाड भिंत आडवी येते, हे विसरू नये.

तार 'कॅट सिक्स' जातीची व शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, ती घेऊ नये. अशी एक तार १०० मीटरपर्यंत चालते. विजेच्या तारेशेजारून तिला फार अंतर नेऊ नये; ओलांडावी लागल्यास काटकोनात ओलांडावी. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीस छिन्नी लावण्यापूर्वी वर पाहावे. कौलारू घरात माळ्यावरून, वाशांच्या कडेने प्लास्टिकच्या नळीतून तार सहज जाते. नळीमुळे उंदरांपासूनही बचाव होतो. घर सामाईक असेल तर भोक पाडण्यापूर्वी सर्व वाटेकऱ्यांस विचारावे. देवघराच्या भिंतीवरून आमच्याकडे दोन रविवार वाद झाला. शेवटी तार माळ्यावरून गेली आणि वादही मिटला.

डिचोली तालुक्यातील आमच्या आजोळी मामांनी थोरल्या घरातून अंगणापलीकडच्या नव्या घरात तांब्याची तार उघड्यावरून नेली. मिरगाच्या तोंडावर जवळच वीज पडली व दोन्ही घरांतील पेट्या एकाच क्षणी जळाल्या. घरातून घरात जावयाचे तर प्रकाशतंतू न्यावा. धातूविरहित तंतू विजेचा धक्का वाहून नेत नाही. विजेच्या जोडणीस भुईतार नीट आहे ना, हे जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे.

आणखी एक गोष्ट वडीलधाऱ्यांना सांगावयाची. जुना टेलिफोन घरची वीज गेली तरी वाजत असे, कारण त्यास वीज एक्स्चेंजमधून तारेनेच मिळे. प्रकाशतंतूतून वीज येत नाही. दिवा गेला की पेटीही गेली. म्हणून कपाटातील यंत्रांना लहानशी बॅटरी जोडावी आणि खोल्यांतील पेट्यांना त्याच तारेतून वीज पुरवणारा स्विच घ्यावा. म्हणजे एका बॅटरीवर सारे घर चालते. परसवाचे शब्द पेटीबरोबर आलेले तसेच ठेवू नयेत. चतुर्थीस मुंबईची मंडळी येतात, त्यांच्यासाठी पाहुण्यांचे वेगळे नाव व वेगळा परवल ठेवावा.

आता काकींच्या खाटेजवळ एक पेटी आहे. आपल्या देशात २०१९ च्या अखेरीपासून वायफायवरून साधा फोन लावण्याची सोय झाली आहे; फोन त्या जातीचा हवा व ती सोय त्यात चालू केलेली हवी. कंपनीची रेंज नसलेल्या त्या खोलीतून काकी आता रोज रात्री मुलांशी बोलतात. तरीही, झाड पडून रस्त्यावरची तार तुटली तर हे सारे मुके होते. म्हणून घराची एक किल्ली आम्ही शेजारी दिली आहे. तार शेजाऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत रेंजसाठी डोंगरावर जाऊन अभ्यास करणारी मुले गोव्याने पाहिली. त्यांतली कित्येक आता या कामात जाणती झाली आहेत. न्यासाने आजवर मुलांच्या हाती पुस्तके दिली. आमची नम्र सूचना अशी की, या महोत्सवी वर्षात तरुणांनी दोघादोघांनी जाऊन पेडणे व डिचोली तालुक्यांतील एकट्या राहणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या घराचा असा नकाशा काढून द्यावा. खर्च कागद-पेन्सिलीचा व एका दुपारचा. पुढची तार कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे ओढावी; पण फुली कोठे आहे हे तरी घरच्यांस कळू द्यावे.

आमच्या घरी ती एका रात्रीनंतर कळली. आपणांस ती आधी कळावी, एवढ्यासाठी हे बोललो.